ठिकाण : बोरिवली

पहिला दमदार पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले की बोरिवली स्टेशनाबाहेर, पूर्वेच्या अंगाला, पाड्यांवरच्या बायका भाजी घेऊन बसतात. पुढ्यात प्लास्टिकचा कागद, त्यावर टाकळा, शेवळं, कुर्डू आणि फोडशीच्या जुड्या. फोडशी दिसायला गवतासारखी. बुडाशी पांढरी, वर हिरवीगार. लोकलमधून उतरलेलं नवखं माणूस विचारतं, "ही कांद्याची पात का?" बाई "फोडशी" म्हणते आणि गप्प बसते. मी दर पावसाळ्यात दोन-तीनदा तरी घेतो. घरी आणून एकेक पान सोडवतो, मधला निबर दांडा काढून टाकतो, बुडाशी अडकलेली माती तीन पाण्यांनी धुतो. मग कांदा आणि भिजवलेली चणाडाळ घालून भाजी. माती धुताना मला दर वेळी एक कागद आठवतो. एका कॉलेजच्या लोखंडी कपाटात तो आहे, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात माझ्या हातची चार ओळींची चिठ्ठी आहे. त्या चार ओळींत मी काय लिहिलं आणि काय नाही, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

बोरिवली खेडं होतं असं म्हटलं की हल्लीची पोरं हसतात. १९५७ सालापर्यंत ती मुंबई महापालिकेच्या हद्दीतसुद्धा नव्हती. आमचं घर मागाठाण्याच्या बाजूला. वडिलांची भाताची खाचरं होती, पुढे ती गेली, त्याची गोष्ट इथं नको. डोंगर मात्र घराच्या मागच्या दारातून दिसायचा. डोंगरावरून आजी यायची. डोक्यावर पाटी, पाटीत पावसाळ्यात भाजी, उन्हाळ्यात करवंदं नाहीतर जांभळं, एरवी लाकूडफाटा. वारली होती. ओटीवर पाटी उतरवून पाय पसरून बसायची आणि आईला म्हणायची, "बाय, तांदूळ जुना दे, नवा नको, फुगत नाय." पैशांपेक्षा तिला तांदूळ बरा वाटायचा. आईसुद्धा मापाने न मोजता ओंजळीने घालायची. पहिली फोडशी आणली की आजी सांगायची, "देवाला दाखवलीय, खा." देवाला आणि घरातल्या मेलेल्या माणसांना दाखवल्याशिवाय नवी भाजी ती तोंडात घालत नसे, आणि कुणाला देतही नसे.

१९८४ साली मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. विषय वनस्पतिशास्त्र. सरांनी सांगितलं होतं, प्रत्येकाने पन्नास रानवनस्पतींचे नमुने जमवायचे. नुसती पानं-फुलं तोडून आणायची नाहीत. पद्धतशीर वाळवून, कागदावर चिकटवून, नोंद करून हर्बेरियमला शोभतील असे द्यायचे. आमच्या परिसरात राहणारा वर्गात मी एकटाच, त्यामुळे मला भलताच चेव आला. राष्ट्रीय उद्यानात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय काडीसुद्धा उचलता येत नाही. सरांनी रीतसर पत्र मिळवलं होतं. ते मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवत असे. फाटकावर दाखवलं की मला आत सोडत. आजी त्याच फाटकाच्या बाजूने कुंपणाच्या फटीतून यायची, आणि कधी कुणी अडवलं तर पाटी तिथंच ओतून द्यावी लागायची. त्या वेळी मला यात काही विचित्र वाटलं नाही. माझ्याकडे पत्र होतं, तिच्याकडे नव्हतं, इतकंच.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लाकडी पट्ट्यांच्या दोन जाळ्या, त्यांना पट्टे, आणि मध्ये जुनी वर्तमानपत्रं. झाड ताजं असतानाच पसरून घ्यायचं. एखादं पान उलटं ठेवायचं म्हणजे पाठ दिसते, फूल उघडून ठेवायचं. मग पट्टे आवळायचे. कागद रोज बदलायचे. पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी. आमच्याकडे चूल होती म्हणून निभावलं. आई भाकरी करून उठली की वैलावर मी वर्तमानपत्रं शेकत बसायचो. आठवड्याभराने वाळलेलं झाड जाड पांढऱ्या कागदावर चिकटवायचं, साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा कागद, जाड देठ असेल तर दोऱ्याने टाके घालायचे. किडीपासून राखायला मर्क्युरिक क्लोराईडच्या द्रावणात बुडवतात, पण ते जहर, सर आम्हाला हात लावू देत नसत. शेवटी उजव्या खालच्या कोपऱ्यात लेबल. शास्त्रीय नाव, कूळ, ठिकाण, उंची, अधिवास, तारीख, संग्राहकाचं नाव, क्रमांक.

सर म्हणायचे की झाड हा नमुन्याचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे लेबल. एकदा ते आम्हाला सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम दाखवायला घेऊन गेले. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस पाद्री, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू केलेला संग्रह. लाखावर कागद, ओळीने कपाटं, डांबरगोळ्यांचा वास. सरांनी एकेक कागद दोन्ही हातांवर आडवा धरून दाखवला. एखाद्या वर्षी एखाद्या माणसाने एखाद्या ओढ्याकाठून आणलेली फांदी. ओढा आता नाही, वर इमारत आहे. तरी तिथं हे झाड होतं हे कुणी नाकारू शकत नाही, कारण तो कागद आहे. मी भारावून गेलो. परतीच्या लोकलमध्ये मनात ठरवलं, आपणही असंच काहीतरी मागं ठेवायचं.

फोडशी माझ्या यादीत होती. सोपी वाटली म्हणून. आजीला म्हटलं, "आजी, मला तुझ्याबरोबर ने." तिला गंमत वाटली असावी. पहाटे निघालो. कान्हेरीच्या खालच्या अंगाने, कारवीच्या गचपणातून वर. १९८४ हे कारवी फुलायचं साल. सात वर्षं ती नुसती वाढते आणि आठव्या वर्षी सगळा डोंगर एकदम जांभळा करते. आम्ही जुलैत गेलो तेव्हा कारवी अजून फुलली नव्हती, पण आजी तुरे दाखवून म्हणाली, "औंदा फुलणार." तिच्या झोपडीच्या भिंतीही कारवीच्याच, वर शेणमातीचा गिलावा.

एका उतारावर, खडकाच्या वाफ्यात फोडशी होती. भाजीच्या दिवसांपेक्षा थोडी पुढे गेलेली. मधून दांडे वर आलेले, त्यावर पांढरी सहा पाकळ्यांची फुलं आणि पिवळे केसर. आजी वाकली आणि अंगठ्याच्या नखाने कोवळी पानं खुडू लागली. एका झाडाची दोन-चार, मग पुढचं झाड. मी खुरपं काढलं आणि एक झाड मुळासकट उपटायला लागलो.

तिने माझा हात धरला. "मुळाला हात नको लावू. पुढल्या साली काय खाशील?"

मी तिला समजावलं. म्हणजे तसं मला वाटलं. फोडशीच्या एकाहून जास्त जाती आहेत, वरून सारख्या दिसतात, फरक खाली असतो. एका जातीत बारीक मुळांच्या टोकाला गाठी लोंबतात. दुसरीत बुंध्यापासूनच बोटांसारखी मांसल मुळं निघतात आणि टोकाला निमुळती होतात. मुळं नसतील तर कागद बिनकामाचा, कारण कोणती जात ते ठरवता येत नाही. आजी म्हणाली, "तुला कळाया पायजे म्हणून ती मरल?" मग स्वतःच म्हणाली, "एक घे. एकच." मी दोन घेतली. एक नमुन्यासाठी, एक फसला तर म्हणून.

मुळं धुतली. बोटांसारखी होती. म्हणजे क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम.

हे नाव मला तोंडपाठ होतं आणि त्याचा मला अभिमान होता. सांतापाव आणि फर्नांडिस या दोघांनी पन्नाशीच्या दशकात ही जात शास्त्राला नवी म्हणून वर्णन केली आणि नाव दिलं बोरिवलीचं. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव म्हणजे झेवियर्समधलेच, स्पेनमधून येऊन इथलेच झालेले, खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे. जगात कुठेही कुणी या झाडाबद्दल लिहिलं तर आमच्या गावाचं नाव लॅटिनमध्ये येणार. बोरिवलीच्या पोराला आणखी काय हवं?

पण बाजारात हिचं दुसरं नाव आहे, सफेद मुसळी. शक्तीचं औषध म्हणून मुळं सोलून, वाळवून विकतात, आणि भाव असा की डोंगरच्या डोंगर खणले गेले. पुढे लोकांनी तिची शेतीही केली. काहींनी पैसे केले, पुष्कळांनी गमावले. आजीला हे सगळं लॅटिनशिवाय ठाऊक होतं. परतताना एका दगडावर बसली आणि म्हणाली, "ही जागा कुणाला सांगू नको. बाहेरचे येतात, कुदळीनं खणून नेतात. दोन डोंगर असेच गेले. ही माझ्या सासूनं मला दाखवली." मी म्हटलं, "नाही सांगणार." तिने माझ्या हाताला पुन्हा एकदा हात लावला. शपथ-बिपथ काही नाही.

लेबल लिहायला बसलो तेव्हा ही अडचण कळली. ठिकाण या रकान्यात काय लिहायचं? खरं लिहायचं तर पाड्याचं नाव, ओढ्याच्या कुठल्या बाजूला, खडक कोणता. ते वाचून कुणीही थेट तिथं पोचला असता. कॉलेजचं कपाट काही मुसळीचे व्यापारी उघडायला येणार नव्हते हे मला कळत होतं. पण शब्द दिला होता. शेवटी लिहिलं, 'बोरिवली टेकड्या, उतार, खडकाळ जागा.' उंचीही अंदाजे. खाली संग्राहक म्हणून माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण, शाईच्या पेनाने, वळणदार.

सरांनी कागद पाहिला, मुळांची मांडणी पाहून खूश झाले, आणि लेबल वाचून कपाळाला आठी घातली. "बोरिवली टेकड्या? अरे, टेकड्या केवढ्या! हा नमुना म्हणजे बिनपत्त्याचं पाकीट. पन्नास वर्षांनी कुणी शोधायला निघाला तर?" मी म्हटलं, नेमकी जागा आठवत नाही. म्हणजे एक शब्द पाळायला मी खोटं बोललो. सर काही बोलले नाहीत, पण त्या नमुन्याला मार्क कमी पडले. मला त्याचं दुःख नव्हतं. उलट मनातून मी स्वतःला शाबासकी देत होतो. आजीला दिलेलं वचन पाळलं, झाड वाचवलं, आणि वर नुकसानही सोसलं. विशीच्या आतल्या पोराला स्वतःविषयी याहून सुंदर गोष्ट कुठली सापडणार?

बरीच वर्षं ही गोष्ट मी अशीच सांगत आलो. आणि त्यात सरांची बाजू चुकीची म्हणून सांगत आलो, हा अन्याय होता. नोंद ही आज हजर असलेल्या माणसांसाठी नसते. ती अशा कुणासाठी असते ज्याला आपण भेटणार नाही. जागा लपवली तर आजचा चोर चुकतो, पण उद्याचा शोधणाराही चुकतो. एखाद्या उतारावरून रस्ता जायचा असेल आणि कुणी विचारलं की इथं काही मोलाचं होतं का, तर 'बोरिवली टेकड्या' हे उत्तर होऊ शकत नाही. आता अभ्यासकांत असा संकेत आहे की दुर्मीळ झाडाचं नेमकं ठिकाण नोंदवहीत लिहायचं, पण उघड छापायचं नाही, विचारणारा कोण ते बघून सांगायचं. शहाणपणाची वाट आहे. मात्र वही कुणाच्या हातात आणि विचारणाऱ्याची पारख कोण करणार, हा प्रश्न त्यातही उरतोच. आजीची वही तिच्या डोक्यात होती आणि पारख ती स्वतः करत होती. सासूनं सुनेला दाखवायचं, सुनेनं पुढे. माझी पारख मात्र तिने चुकीची केली का, हे मला अजून सांगता येत नाही.

मग काळ बदलला. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. जंगलाच्या कडेला खरोखरच झोपड्यांची रांग लागली होती, हे मी रोज बघत होतो. तेव्हा ते सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण काल आलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला यांत फरक करायचा तर कागद लागतो. आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्याकडेच तो नेमका नसतो. २००६ साली वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलात राहणाऱ्या आणि त्यावर जगणाऱ्या आदिवासींना दावा करता येतो. पुरावा म्हणून जुने कागद चालतात, घराच्या खुणा चालतात, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही चालतात. शहराच्या हद्दीत ग्रामसभा कुठली मानायची इथपासून घोळ, पण लोक कागद जमवायला लागले.

२०१६ च्या सप्टेंबरात आजीची नात माझ्याकडे आली. आजी जाऊन तेव्हा खूप वर्षं झाली होती. मुलगी शिकलेली, एका दवाखान्यात कामाला. पाण्याचा पेला हातात धरून म्हणाली, "काका, डोंगरावर कारवी फुललीय. आजी सांगायची, कारवी फुलली त्या साली वाडीतला एक पोरगा माझ्यासंगं भाजीला यायचा, वहीत लिहून घ्यायचा. ते तुम्ही ना?" मी हो म्हटलं. तिने बोटं मोजली. २०१६, २००८, २०००, १९९२, १९८४. "मग चौऱ्याऐंशीत आम्ही तिथं होतो असं तुमच्या वहीत असेल."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. इतकी वर्षं कपाटात पडलेला कागद कुणाच्या तरी कामी येणार! कॉलेजला अर्ज केला. मधे सर निवृत्त होऊन वारले होते, कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं होतं, पण कागद मिळाला. फोडशी तपकिरी झालेली, पाकळ्यांना कसरीने भोकं पाडलेली, मुळं मात्र जशीच्या तशी, बोटांसारखी. आणि लेबल. बोरिवली टेकड्या, उतार, खडकाळ जागा. पाड्याचं नाव नाही. सोबत कोण होतं ते नाही. घरून रोजनिशी शोधून काढली. तिच्यात, 'सकाळी भाजीवाल्या आजीबरोबर डोंगरात. फोडशी दोन. पाऊस.' बस्स.

नातीने ते दोन्ही वाचलं. रागावली नाही. मी तिला वचनाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "जागा नाही लिहिली ते बरोबर. आजीने सांगितलं होतं." मग थोडं थांबून, "पण काका, नाव का नाही लिहिलं? नाव लिहू नको असं ती म्हणाली होती?"

नव्हती म्हणाली. जागा लपवणं हा शब्द पाळणं होतं. नावाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तिचं नाव आणि पाडा लिहून नुसता उतार गाळता आला असता. दोन्ही गोष्टी मी एकाच चांगुलपणाखाली झाकून टाकल्या होत्या. मी म्हटलं, लेबलात तसा रकाना नसतो. हे खरं आहे, संग्राहक एकच, जो उपटतो तो. दाखवणाऱ्याला रकाना नाही. पण असं असायलाच हवं असंही नाही. डच अधिकारी वान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला. तो माणूस काही धर्मादाय करायला आला नव्हता, कंपनीच्या मिरीच्या धंद्यासाठी आला होता. तरी पहिल्या खंडात त्याने इट्टी अच्युतन या वैद्याचा जबाब त्याच्या लिपीत छापला आहे. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघांचा कोकणी मजकूर नागरी अक्षरांत छापला आहे. सव्वातीनशे वर्षांनंतर ती नावं आपल्याला माहीत आहेत. मी तर स्वतंत्र भारतातला, शेजारच्या वाडीतला, तिच्या भाजीवर वाढलेला.

हे सगळं मी तिला ऐकवत होतो तेव्हा तिने साधंच विचारलं. "तुम्हाला तेव्हा आजीचं नाव ठाऊक होतं?"

नव्हतं. आईलाही नसावं. घरात सगळे आजी म्हणायचे. क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम मला पाठ होतं, ते कुणी ठेवलं त्या दोघांची नावं पाठ होती, आणि हात धरून त्या खडकापर्यंत नेणाऱ्या बाईचं नाव मी वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ते मला त्या दिवशी कळलं, नातीने पिशवीतून काढलेल्या जुन्या रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर. इथं ते लिहीत नाही. नातीला विचारलं होतं, ती म्हणाली, "पुस्तकात नको. जिथं लागतं तिथं लिहा."

लागत होतं ते जबाबात. मी दावेदार नाही, वयाने आता वडीलधारा, तेव्हा माझा लेखी जबाब जोडायचं ठरलं. दाव्यांचं काम बघणारे एक गृहस्थ होते, त्यांनी मजकूर तयार केला. 'अमुक बाई, राहणार तमुक पाडा, यांना मी १९८४ पूर्वीपासून ओळखत होतो.' मी म्हटलं, ओळखत होतो, पण नाव माहीत नव्हतं, ते तसं लिहा. गृहस्थ म्हणाले, "काका, कशाला? समोरचा तेवढंच वाक्य धरून बसेल. म्हणेल, नाव माहीत नाही तर ही तीच बाई कशावरून?" त्यांचं चुकत नव्हतं. आजीला मी ओळखत होतो यात खोटं काहीच नाही. तिचा चेहरा, तिच्या पायाच्या भेगा, तिचा आवाज मी आजही ओळखेन. आणि एका खऱ्या गोष्टीमुळे खऱ्या माणसांचं घर जायचं असेल तर ती गोष्ट बोलायचा हट्ट कुणासाठी?

पण हेच तर मी १९८४ साली केलं होतं. कुणाला तरी वाचवायला म्हणून नोंदीतली एक ओळ गाळली होती. त्याचं काय झालं ते समोर बसलं होतं.

दोन दिवस जबाब घरी ठेवला. बायको म्हणाली, सही करा आणि मोकळे व्हा. शेवटी एक वाक्य माझ्या हाताने वाढवलं, 'आमच्या घरी सर्वजण त्यांना आजी म्हणत असत.' ते खरं आहे. न्यायाने वाचणाऱ्याला त्यात जे कळायचं ते कळेल, आणि अडवायला बसलेल्याला बहुधा कळणार नाही. ही पळवाट आहे का? असेल. सत्य सांगण्याच्या आणि लपवण्याच्या मध्ये एवढीच जागा मला सापडली, आणि तिथं मी फार ताठ उभा होतो असं म्हणवत नाही. दाव्याचा निकाल हे लिहीपर्यंत लागलेला नाही.

राहिला कागद. हर्बेरियमचा एक चांगला नियम आहे. जुनं लेबल कधी खोडायचं नाही, बदलायचं नाही, चूक असलं तरी. जे नवं कळलं ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून, तारीख घालून, सही करून शेजारी चिकटवायचं. चुकीची नोंद आणि ती चूक कुणाला, केव्हा उमगली याची नोंद, दोन्ही एकाच कागदावर राहतात. कॉलेजातल्या बाईंनी परवानगी दिली. मी चिठ्ठी लिहिली. आजीचं पूर्ण नाव, पाडा, 'यांनी जागा दाखवली व एकच झाड घेण्यास सांगितले, दोन घेतली.' खाली २०१६ ची तारीख. खळ लावून चिकटवली आणि ती वाळेपर्यंत वर एक जाडा शब्दकोश ठेवला.

ठिकाणाबद्दल चिठ्ठीत काय लिहावं, ते मला एकट्याने ठरवायचं नव्हतं. म्हणून त्याच आठवड्यात पाड्यावर गेलो. नातीला म्हटलं, ती जागा मला आता नीट आठवत नाही, कारवीत सगळं बदललंय. एकदा दाखवतेस का, मग लिहायचं की नाही ते आपण ठरवू. सरांना सांगितलं होतं ते खोटं बत्तीस वर्षांनी खरं झालं होतं.

ती कारवीच्या फुलांचा मध गाळत बसली होती. हसली.

"आहे अजून," म्हणाली. "दरसाल जाते मी. माझी पोरगीपण येते आता." मग हात पुसून आत गेली आणि माझ्यासाठी चहा टाकला. जागेचं पुढे काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.